शेवटच्या किटलीचा ओठ

माझ्या बाबांनी आयुष्यभर स्टीलच्या किटल्या बनवल्या आणि त्यातली एकूण एक किटली गळायची.

गळायची म्हणजे तिला भोक नसायचं. चहा ओतून झाला, किटली सरळ केली, की तोटीच्या ओठाशी रेंगाळलेला शेवटचा थेंब कपात पडायचं सोडून मागे वळायचा, तोटीच्या खालच्या अंगाने ओघळायचा आणि किटलीच्या पोटावरून सावकाश टेबलावर यायचा. जगातल्या बहुतेक किटल्या हेच करतात. पण जगातल्या बहुतेक किटल्यांशी माझ्या आईचं लग्न झालेलं नाही.

लग्न नवीन होतं तेव्हा बाबा स्वतः केलेली किटली मिरवत आईच्या माहेरी घेऊन गेले होते. सासूबाईंच्या पांढऱ्याशुभ्र टेबलक्लॉथवर किटलीने आपली सही केली. घरी परतताना आई म्हणाली, "ज्या दिवशी तुमची किटली गळायची थांबेल, त्या दिवशी मी तुम्हाला कारागीर म्हणेन." तेव्हापासून आमच्या टेबलावर किटलीखाली एक चौपदरी फडकं असतं. आणि कोणी विचारलं, "तुमचे मिस्टर काय करतात?" की आई सांगते, "भांडी करतात." कारागीर हा शब्द तिने इतकी वर्षं जपून ठेवला, जणू वापरला तर संपून जाईल.

या वर्षी बाबांच्या उजव्या खांद्याने काम करायला साफ नकार दिला. फिरत्या लेथवर स्टीलचा पत्रा लाकडी साच्यावर दाबत दाबत त्याला किटलीचा आकार द्यायचा, तर खांदा धड लागतो. कारखाना म्हणजे एक लांबट खोली, दोन लेथ आणि एक पोटमाळा. तो बंद करायचं ठरलं. शेवटच्या रविवारी तिथेच जुन्या मित्रांना जेवायला बोलवायचं आणि शेवटच्या किटलीतून सगळ्यांना चहा द्यायचा, हेही ठरलं.

"आणि ती गळणार," आई म्हणाली.

एरवी बाबांनी काहीतरी प्रत्युत्तर दिलं असतं. त्या दिवशी त्यांनी हातातला घास परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "ओठ पातळ करून पाहिला, जाड करून पाहिला, खाली वळवून पाहिला. शेवटची एक तरी कोरडी निघावी असं वाटतंय खरं."

मला ते पाहवलं नाही. मी म्हणाले, "मी करते."

"काय करतेस?"

"ओठ. थेंब मागे का वळतो? कारण पाण्याला स्टील आवडतं, ते स्टीलला धरून राहतं. ओठ असा केला की पाण्याला धरताच येणार नाही, तर थेंब सरळ खाली पडेल. अळवाच्या पानावर पाणी ठरतं का?"

"मग काय, पान चिकटवणार तोटीला?"

"पानावर असते तशी नक्षी कोरणार. बारीक. डोळ्याला न दिसणारी."

"कोणत्या हत्याराने?"

"प्रकाशाने."

आईने भाजीचा डाव पातेल्यात ठेवला. "उचलली जीभ लावली टाळ्याला. अगदी बापावर गेलीय."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बाबांनी साऱ्या गल्लीला सांगून टाकलं होतं की रविवारची किटली कोरडी ओतणार. त्यांचे सगळ्यात जुने मित्र, तांब्याची भांडी ठोकणारे, ज्यांना सगळे ठोक्या म्हणतात आणि मी ठोक्याकाका, ते मला रस्त्यात थांबवून म्हणाले, "ऐकलं ते खरं का गं? मी फडकं घेऊनच येतो."

आता मागे फिरायची सोयच उरली नाही.

*

मी ज्या प्रयोगशाळेत नुकतीच लागले आहे तिथे आम्ही धातूवर लेझर मारतो. मारतो हा शब्द जरा राकट आहे, पण बरोबर आहे. आमचा लेझर सलग प्रकाश देत नाही. प्रकाशाचे ठोके देतो. एकेक ठोका इतका क्षणिक की धातूला तापून वितळायची, आजूबाजूला पसरायची फुरसतच मिळत नाही. जिथे पडतो तिथला अगदी वरचा पापुद्रा तेवढा उडतो.

मला या कामाचं वेड लागलं ते पुढच्या गोष्टीमुळे. स्टील कितीही गुळगुळीत दिसलं तरी त्यावर बारीक ओरखडे, खड्डे असतातच. प्रकाश त्यांच्यावर आपटला की त्याचा थोडा भाग पृष्ठभागाला बिलगून आडवा पळतो. वरून येणारी लाट आणि ही आडवी पळणारी लाट यांची गाठ पडते. कुठे दोघींचा जोर एकवटतो, कुठे त्या एकमेकींना मारतात. जोर असेल तिथून धातू उडतो, नसेल तिथे राहतो. पुढचा ठोका त्याच रेघा अजून खोल करतो. असे काही ठोके पडले की कोणी न आखता स्टीलवर समांतर सऱ्या उमटतात, जणू नुकतंच नांगरलेलं शेत. दोन सऱ्यांमधलं अंतर साधारण त्या प्रकाशाच्या लाटेच्या लांबीइतकं, म्हणजे केसाच्या जाडीत अशा कितीतरी ओळी बसतील. आणि प्रकाश ज्या दिशेने थरथरतो त्याच्या काटकोनात या सऱ्या पडतात. प्रकाशाला नव्वद अंशांत वळवा, सऱ्याही वळतात. मी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकात ते पाहिलं तेव्हा "अय्या!" असं इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या बाकावरचा माझा सहकारी दचकला. त्याला आम्ही दुर्बीण म्हणतो, कारण त्याचा डोळा कायम कुठल्या ना कुठल्या भिंगाला लावलेला असतो.

त्या पहिल्या दिवसांतला एक चौकोनी तुकडा मी घरी नेला होता. कलता केला की त्यावर निळा, हिरवा, नारिंगी असे रंग सरकतात. रंग लावलेला नाही, सऱ्यांनी प्रकाश फोडलेला असतो. आईने तो शेगडीच्या बाजूला खिळ्याला टांगला. "निदान हा तरी गळत नाही," ती म्हणाली होती.

तर किटलीसाठी मी त्या तुकड्यावरचीच नक्षी घ्यायची ठरवली. मोठे चर, त्यांच्या अंगावर बारीक सऱ्या. आमच्या मॅडम परगावी परिषदेला गेल्या होत्या, जाताना म्हणाल्या होत्या, "रिकाम्या वेळात वाटेल ते कर, फक्त लेझर मोडू नकोस."

अडचण एकच होती. आमचे नमुने सपाट असतात आणि किटलीचा ओठ वाकडा. लेझरपासून ठरावीक अंतरावरच नक्षी उमटते. ओठाची वाट वळली की ते अंतर चुकतं. बाबांनी लेथवर एक पकड तयार करून दिली. तिच्यात किटली आडवी बसायची आणि ओठाच्या वळणाबरोबर फिरायची. ती घेऊन ते स्वतःच आले. दाराशी त्यांना संरक्षक चष्मा दिला, तर आरशात बघून म्हणाले, "माझं आता डोळ्याचं ऑपरेशन आहे की तुझं?"

लेझर सुरू झाला. तो प्रकाश डोळ्याला दिसत नाही. ओठावर फक्त एक टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका आणि चर्रर्र असा रातकिड्यासारखा आवाज.

"हत्यार कुठाय?" बाबांनी विचारलं.

"हेच."

"धार कशी लावता?"

"लावावी लागत नाही."

"झिजतही नाही?"

"प्रकाश कसा झिजेल, बाबा?"

ते बराच वेळ त्या ठिपक्याकडे बघत राहिले. मग दुर्बिणीला कोपराने ढोसून म्हणाले, "मी चाळीस वर्षं हत्यारांना धार लावण्यात घालवली. कोणी सांगितलं का मला?"

ठिपका ओठावरून फिरून आला तेव्हा तिथली चकाकी गेली होती. मखमलीसारखा करडा पट्टा दिसत होता. बाबांनी बोट पुढे केलं, मी "अं अं!" म्हणाले, त्यांनी बोट मागे घेतलं. दुर्बिणीने किटलीत पाणी भरलं. मी समारंभाने चंचुपात्र पुढे धरलं. बाबांनी ओतलं.

पाणी ओठावर आलं आणि करड्या पट्ट्यावर झपकन पसरलं. थेंब नाही, काही नाही. टीपकागदावर शाई पसरावी तसं. मग तिथूनच तोटीखाली वळून किटलीच्या पोटावरून धो धो वाहू लागलं. बाबांच्या बाहीत गेलं. चंचुपात्रात जेमतेम तळ ओला झाला.

बाबांनी बाही पिळली.

"आधी थेंब गळायचा," ते म्हणाले, "आता धार. प्रगती आहे."

*

त्यांनी थट्टा केली खरी, पण जाताना जिन्यात त्यांचा पाय जड पडत होता. तो आवाज माझ्या कानातून जाईना.

मी कामाला लागले. आमच्या धंद्यात काही बिघडलं की पहिला संशय घाणीवर जातो. ठोक्यांनी उडालेली धातूची धूळ सऱ्यांत बसली असेल, म्हणून मी किटली ध्वनिलहरींनी थरथरणाऱ्या पाण्यात घालून धुतली. पाणी पुन्हा पसरलं. मग अल्कोहोलने धुतली. पसरलं. दुर्बीण म्हणाला, "अजून स्वच्छ हवी." मग दोन्हींनी धुतली, शुद्ध वायूच्या फुंकरीने वाळवली आणि हवेतली धूळसुद्धा बसू नये म्हणून काचेच्या घंटेखाली, हवा काढून घेतलेल्या जागी ठेवली. रोज सकाळी बाहेर काढायची, पाणी ओतायचं, बाही भिजवायची, धुवायची, परत घंटेखाली. तिच्याइतकी स्वच्छ किटली त्या आठवड्यात पृथ्वीवर दुसरी नसेल. आणि तिच्याइतकी गळकीही.

घरी बाबा काही विचारत नसत. रविवारच्या जेवणाचं बोलत. फक्त एकदा, सहज म्हटल्यासारखं म्हणाले, "नाहीच जमलं तर मी ठोक्याला सांगेन, फडकं आण."

"बाबा!"

"अगं, मी बरीच वर्षं गळत्या किटल्या करतोय. मला सवय आहे."

शुक्रवारी संध्याकाळी मी स्वयंपाकघरात बसले होते, हातावर हनुवटी ठेवून. आई बटाटे धूत होती. "तोंड वर कर जरा," ती म्हणाली, "बटाटेसुद्धा तुझ्यापेक्षा हसरे दिसतायत." आणि ओले हात झटकून ती शेगडीकडे वळली.

पाण्याचे शिंतोडे भिंतीवर उडाले. थोडे त्या टांगलेल्या चौकोनी तुकड्यावर पडले आणि पडल्या पडल्या, राईचे दाणे सांडावेत तसे टपाटप उड्या मारत खाली गेले. तुकडा कोरडा ठक्क.

"आई, परत कर."

"काय परत करू?"

"हात झटक! ओला करून झटक!"

आईने माझ्याकडे बघितलं, हात नळाखाली धरला आणि झटकला. थेंब तुकड्यावर आपटले, गोल झाले, घरंगळले. एकही टिकला नाही.

"हे असं कधीपासून करतंय?"

"त्यात काय एवढं? कधीचंच करतंय. मला वाटलं हीच त्याची करामत."

मी तुकडा खिळ्यावरून काढला. तेच स्टील, तोच लेझर, तीच नक्षी. नवा होता तेव्हा मी स्वतः त्यावर पाणी टाकलं होतं आणि ते पसरलं होतं, हे मला पक्कं आठवत होतं. मग मधल्या काळात काय झालं? एकच. तो इथे टांगलेला होता. शेगडीपाशी. फोडणीच्या, तळणाच्या, माणसांच्या श्वासांच्या हवेत. आणि किटली होती काचेच्या घंटेखाली, जिथे हवाच नव्हती.

मग सगळं एकामागून एक जुळत गेलं. लेझरने नुकताच सोललेला धातू भुकेला असतो. जे येईल त्याला घट्ट धरतो. पाणी आलं तर पाणी. म्हणून ते झपकन पसरतं. पण त्याला नुसतं हवेत सोडलं, तर हवेतले डोळ्यांना न दिसणारे तेलकट कण हळूहळू येऊन बसतात. एवढा विरळ थर की बोटाला लागणार नाही, सऱ्या बुजणार नाहीत. एकदा भूक भागली की धातू पाण्याला ओळखही देत नाही. सऱ्यांच्या टोकांवर पाणी तरंगतं, मध्ये हवा राहते. अळवाचं पान तयार. आणि मी काय करत होते? तो थर बसायला लागला रे लागला की रोज सकाळी इमाने इतबारे धुऊन काढत होते.

मी मॅडमना फोन केला आणि एका दमात सगळं सांगितलं. पलीकडून आधी नुसतं हसू ऐकू आलं. "आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण एकदा हे करतोच," त्या म्हणाल्या. "मी तर माझा नमुना तीन प्रकारच्या द्रावणांत धुतला होता आणि वर यंत्राला शिव्या दिल्या होत्या. तुझं बरोबर आहे. आता हात लावू नकोस, धीर धर."

"रविवारी पाहिजे."

"मग ऊब दे. जिथे स्वयंपाक चालतो तिथे ठेव."

मी प्रयोगशाळेत धावत गेले, घंटेखालची किटली काढली आणि पोटाशी धरून घरी आणली. आईने शेगडीच्या वरच्या फळीवर जागा केली.

"आता?" तिने विचारलं.

"आता तळ काहीतरी."

"काय?"

"काहीही. बटाटे, कांदे. खूप तळ. आणि तो धुराचा पंखा बंद कर."

आईने कमरेवर हात ठेवले. "हा पंखा बसवून घ्यायला मी तुझ्या बाबांच्या मागे किती लागले होते माहितीये? आणि आता घरात धूर हवा! धन्य त्या बाप-लेकीची."

पण तिने पंखा बंद केला. शनिवारी आमच्या घरात बटाट्याचे काप तळले गेले, ते बरणीत मावेनात म्हणून शेजारी वाटले गेले, मग कांदे तळले, मग आईलाच चेव चढला आणि रविवारच्या जेवणाचं जेवढं म्हणून तळण होतं ते तिने आदल्या दिवशीच उरकलं. बाबा मधून मधून येत, फळीकडे बघत, एक काप उचलून तोंडात टाकत. "तिचं पोट भरलं का गं?" ते विचारत. "माझं भरलं."

मी एकदाही पाणी ओतून पाहिलं नाही. मला पाहायचं होतं. हात शिवशिवत होते. पण आता मला माझ्याच हातांची भीती वाटत होती.

*

रविवारी सकाळी मी स्वयंपाकघरात आले तर फळी रिकामी.

बाबा मागच्या ओट्यावर बसले होते. मांडीवर किटली, हातात पॉलिशचा बोळा. किटली अशी चमकत होती की तिच्यात मला माझा उघडा पडलेला जबडा दिसला. एक जोरकस बोळा फिरला की ओठावरच्या सऱ्या सपाट, आणि मग पुन्हा लेझरला वेळ नाही, तळणालाही नाही.

"बाबा, काय केलंत!"

"ओरडू नकोस." त्यांनी किटली वळवली. तोटीच्या टोकावर त्यांनी आईचं शिवणाचं अंगुस्तान घातलं होतं. त्याच्या आत करडा पट्टा जसाच्या तसा. "ओठाला हात लावला नाही. पण शेवटची किटली मी पॉलिश न करता बाहेर काढीन, असं वाटलं तरी कसं तुला?"

मी त्यांच्या शेजारी बसले.

कारखान्यात लेथवर लाकडी फळ्या टाकून टेबल केलं होतं. सगळे जमले, दुर्बीणही आला. ठोक्याकाकांनी खरोखरच फडकं आणलं होतं, खांद्यावर टाकून, वाढप्यासारखं. जेवणं झाली. आईने चहा केला, दुधाचा. आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी आजवर फक्त पाण्याचा विचार केला होता. चहा पाण्यापेक्षा चिकट जातीचा. मी दुर्बिणीकडे पाहिलं. त्याने चष्मा काढून पुसायला घेतला. तो घाबरला की हेच करतो.

आईने सवयीने चौपदरी फडकं पसरलं. त्यावर किटली ठेवली. बाबांनी डाव्या हाताने उजवा खांदा सावरला आणि पहिला कप भरला. धार सरळ गेली. आता कप भरला, किटली सरळ व्हायची वेळ आली, जिथे आजवर प्रत्येक वेळी घात झाला होता.

त्यांनी किटली सरळ केली. ओठावर शेवटचा थेंब गोल झाला, मोत्यासारखा. क्षणभर थरथरला. मग घरंगळून टप्पकन कपात पडला.

तोटीखाली काही नाही. पोटावर काही नाही. फडकं कोरडं.

"घाईने ओतलास!" ठोक्याकाका ओरडले. "हळू ओत, मग बघू."

हळू ओतणं हीच खरी परीक्षा, हे किटल्या करणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक असतं. बाबांनी दुसरा कप इतका हळू भरला की धारेचे थेंब थेंब झाले. कोरडं. मग ठोक्याकाकांनी किटली हातातून काढूनच घेतली आणि स्वतः ओतून पाहिलं, हात हलवून, मध्येच थांबून, वाकडं धरून. मग ती टेबलभर फिरली. जो तो ओतत होता, कपातला चहा परत किटलीत घालून पुन्हा ओतत होता. चहा थंडगार झाला. प्यायला कोणालाच वेळ नव्हता. दुर्बीण टेबलाला नाक लावून ओठाकडे बघत "सुटला! परत सुटला!" असं मोजल्यासारखं म्हणत होता. शेवटी ठोक्याकाकांनी खांद्यावरचं फडकं काढलं, डोळे पुसले आणि म्हणाले, "आणलंय तर वापरावं."

बाबा मला म्हणाले, "माझ्या त्या पहिल्या जुन्या किटलीच्या ओठाला—"

"ती पुढच्या आठवड्यात, बाबा."

आईने चौपदरी फडकं उचललं, उलटसुलट करून पाहिलं, बोटाने चाचपलं. मग त्याची नीट घडी केली आणि पदराशी खोचली. टेबलावर किटली पहिल्यांदाच उघड्या लाकडावर उभी होती.

"अहो," ती म्हणाली.

सगळे तिच्याकडे वळले. सगळ्यांना ठाऊक होतं. टेबलक्लॉथची ती गोष्ट ऐकली नाही असा एकही माणूस त्या खोलीत नव्हता.

तिने आपला कप पुढे सरकवला.

"अहो कारागीर, सगळ्या जगाला पाजून झालं. आता मला द्याल का?"

बाबांनी किटली उचलली. त्यांचा हात इतका थरथरत होता की निम्मा चहा बशीत सांडला.

"बघ," आई मला म्हणाली, "किटली सुधारली."